बीव्हरांचं तळं

पंपाने दोनदा घरघर केली आणि नळीतून पाण्याऐवजी चिखल आला.

"तळं कुठं गेलं?" झिग्मुंत म्हणाला. गावच्या अग्निशामक पथकाचा तो प्रमुख. पोडलाशे प्रांतात त्या ऑगस्टला पावसाचा थेंब पडला नव्हता. विहिरी तळाला गेल्या होत्या, गाडीतली टाकी केव्हाच संपली होती. भरवसा होता तो एकट्या बीव्हरांच्या तळ्याचा. फांद्या आणि चिखल रचून त्या जनावरांनी सात वर्षं ओढा अडवून धरला होता. तिथून हाकेच्या अंतरावर तेओफिला मावशीचा गोठा जळत होता.

झेनॉन, तिचा शेजारी, बादल्यांच्या रांगेत उभा होता. त्याने मान वर केली नाही. तळ्याचं पाणी त्याच्या कुरणात शिरायचं, कापलेलं गवत कुजायचं. तक्रारी करून तो थकला होता; बीव्हरांना सरकारचं संरक्षण होतं. आज जेवण झाल्यावर तो पाण्यात उतरला आणि कुदळीने बांध फोडला. घराकडे वळतो तोच धूर दिसला.

"सरकारी पाहुण्यांनी बिऱ्हाड हलवलं वाटतं," झिग्मुंत म्हणाला. "जाताना पाणीपण नेलं."

दोन गाई बाहेर काढता आल्या. घोडी आत राहिली. तिचं खिंकाळणं थांबलं, तेव्हा मावशीने डोक्याचा रुमाल सोडून मुठीत गच्च धरला.

छप्पर कोसळल्यावर ती घरात गेली. मेलेल्या नवऱ्याची जुनी विजार घेऊन आली आणि सगळ्यांदेखत झेनॉनपुढे धरली.

"कमरेपर्यंत भिजलायस. बदल."

"याला म्हणतात शेजारी," म्हणत झिग्मुंतने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाणी शोधायला चिखलात उतरला असणार गडी."

चारजण कौतुकाने बघत होते. गप्प राहिलं तरी भागणार होतं. पण झेनॉनचा हात त्या विजारीकडे जाईना.

"मावशी," तो म्हणाला, "बांध मी फोडला. आज दुपारी. मीच."

झिग्मुंतचा हात त्याच्या पाठीवरून निघाला.

तेओफिला मावशीने विजार झेनॉनच्या खांद्यावर टाकली.

"माहीत आहे. खिडकीतून दिसत होतास," ती म्हणाली. "तेव्हापासून ओल्यानंच फिरतोयस, म्हणून तर आणली."