आत काय असतं

"मेलेलाच आणलास?" नेलिदाबाईंनी विचारलं.

"मेला, बाई," सातुर्निना म्हणाली आणि झोळीतून काळा कुळकुळीत गिनीपिग काढून तिने टेबलावर ठेवला.

फळ्यावर बाईंनी काढलेली फुप्फुसं वटवाघळासारखी दिसतात, म्हणून काल पोरं खिदळली होती. बाई वैतागून म्हणाल्या होत्या, "उद्या कुणीतरी घरातला गिनीपिग घेऊन या. बाहेरून काही कळत नसतं. आत उघडून बघितलं की दुखणं कुठे आहे तेसुद्धा सांगता येतं." इथे प्रत्येक घरात चुलीपाशी दहा-वीस तरी हुंदडत असतात. पण आणेल ती सातुर्निना, असं बाईंना वाटलं नव्हतं. तिची आई बटाट्याच्या काढणीपासून अंथरुणाला खिळली होती.

या आईसाठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं. वैदूच्या नादी लागायचं नाही, असा पोरीला दम दिला होता. उद्या, गुरुवारी, ट्रकमधून बायकोला खाली कुस्कोच्या इस्पितळात नेईन, असं बापाकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. लिमा सोडून या डोंगरात येऊन पाच महिने झाले, त्यात हाती लागलेलं एवढंच. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली तर सकाळी उठून शाळेत यायचाही त्यांना कंटाळा येई.

ब्लेड चाललं, तशा पोरांनी डोक्यावरच्या लोकरी टोप्या काढल्या. कुणी हसेना, कुणी कुणाला ढोसेना. फोर्तुनातोसारखं वांड कार्टंसुद्धा हाताची घडी घालून गप्प उभं होतं. बाईंना भरून आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं कुणीतरी ऐकत होतं.

"हे हृदय. ही फुप्फुसं. निरोगी असती तर गुलाबी दिसली असती. यांच्यावर बघा कशा पांढऱ्या गाठी आहेत."

"यकृतावर पण आहेत," सातुर्निना हळूच म्हणाली.

"शाब्बास! नजर आहे गं तुला. डॉक्टरीण होशील."

"यावर औषध असतं, बाई?"

बाईंना खोटं शिकवायचं नव्हतं. "इतकं पसरल्यावर नसतं."

"मोठ्या इस्पितळातसुद्धा?"

गिनीपिगला इस्पितळात न्यायची कल्पना ऐकून बाईंना हसू आलं. "कुठेही नेलंस तरी नाही. फार तर आठवडा काढला असता." पोरीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. सुटला बिचारा."

सातुर्निनाने मान हलवली. झोळी खांद्याला लावून ती दाराकडे निघाली.

"आता कुठे निघालीस?"

"बाबांना सांगते, उद्याचा ट्रक नको."

"अगं, वेडी का तू? आईला न्यायचंय ना?"

पोरांनी माना खाली घातल्या. सातुर्निना दारात थांबली.

"वैदूकडे जाऊ नको म्हणालात, नाही गेले. काल शाळेतून गेल्यापासून मीच त्याला आईच्या अंगावरून फिरवत होते, तो मरेपर्यंत. आईच्या आत जे असतं, तेच त्याच्या आत उमटतं. आता तुम्हीच सांगितलंत ना, बाई."