बाहुलीची पाठ

सगळ्यात लहान मापाचा ड्रेस अखेर पोरीला बसला. ट्रायल रूमचा पडदा सारून ती बाहेर आली ती थेट दुकानाच्या दर्शनी काचेतल्या बाहुलीपाशी. बाहुलीच्या अंगावर तोच ड्रेस, त्याच मापाचा.

"मावशी, बसला बघा!"

बाहुल्यांना कपडे चढवणारी मावशी वळली. काउंटरवरच्या या पोरीच्या गालांची हाडं दोन महिन्यांत वर आली होती. 'जेवून आले' म्हणत रोज आपला डबा दुसऱ्यांपुढे सरकवायची. कधी चार घास खाल्लेच, तर नळाच्या आवाजाआड ओकून टाकायची. "अगं, अन्नाशी वैर धरू नये," मावशीनं कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आरशात बघता बघता पोरीचा चेहरा उतरला. "पण कमरेवर चुण्या पडतायत. म्हणजे अजून जाडच आहे मी."

"जाड? सैल पडतोय तुला तो, वेडे!"

"मग हिला कसा नाही पडत?"

मॅनेजर जाता जाता थबकला. "बाहुलीकडून शीक जरा. आणखी थोडी सुकलीस, की तुलाच उभी करतो काचेत." आणि आपल्याच विनोदावर हसत आत गेला.

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं पोरीचं काडीसारखं मनगट धरलं आणि तिला बाहुलीच्या मागे नेलं. बाहुल्यांना कपडे चढवायचं काम दुकान उघडण्याआधी पडद्याआड व्हायचं. काउंटरवरच्या पोरींनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. बाहुलीच्या पाठीवर सगळं कापड गोळा करून आवळलेलं होतं. मानेपासून कमरेखालपर्यंत टाचण्याच टाचण्या.

"बघ. हिला ना भूक, ना तहान, ना पोटात आतडं. तरी हिलासुद्धा बसत नाही तो. रोज सकाळी टोचून टोचून बसवावा लागतो." मावशीनं दोन्ही तळवे पुढे केले. "मीच बसवते. याच हातांनी."

पोरगी टाचण्यांवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच पाठ करून मावशीसमोर उभी राहिली.

"मलाही लावाल? अशाच?"

मावशीनं बाहुली कवेत धरली, गर्रकन फिरवली आणि उन्हासाठी पाडलेला काचेवरचा पडदा सर्रकन वर ओढला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

मॅनेजर धावत आला. "मावशी, डोकं फिरलंय का तुमचं? पाठ दिसतेय तिची! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मावशीनं खुर्चीवरची आपली शाल ओढली आणि पोरीच्या उघड्या खांद्यांवर घातली.

"या लेकराच्या पाठीचा मणका न् मणका दिसतोय, साहेब. त्याची नाही कुणाला लाज वाटली. टाचण्या दिसल्या, तर दुकानाची अब्रू गेली होय?"

बाहेर उन्हं चांगली तापली होती. शालीतल्या शालीत पोरगी दातावर दात आपटत कुडकुडत होती.