आवडाबाई काय म्हणते

“काढून टाक तिला,” गेम कंपनीतला पियूष फोनवर म्हणाला. “पाचला नवी आवृत्ती बाहेर पडतेय. आवडाबाई गेली की भांडण मिटलं.”

“आणि माझी दोन वर्षं?”

“मग चारपर्यंत असा एक डायलॉग दे, की दोन्ही पार्ट्यांची तोंडं बंद होतील. नाहीतर डिलीट. वरून ऑर्डर आहे, माझ्यावर ओरडू नकोस.”

रुचिताने फोन टेबलावर असा आपटला, की नागावच्या त्या वाडीत नारळ पडला समजून शेजारची कोंबडी पळाली.

आवडाबाई म्हणजे ‘सातवी होडी’ या व्हिडिओ गेममधली खानावळवाली. वादळातून आलेल्या कुणालाही गरम भात वाढणारी. पण नायिका कोळ्याची पोर आहे म्हटल्यावर “दूर हो, विटाळ होईल!” असं किंचाळून पाणी शिंपडणारी. रुचिताने तिला जीव ओतून लिहिलं होतं. चांगल्या माणसाच्या मनातही जळमटं असतात, एवढंच तिला दाखवायचं होतं.

पण खेळणाऱ्यांना ते दिसेल तर ना! अर्ध्यांनी आवडाबाईचा देव्हारा मांडला. तिचा नवरा कोळ्यांच्या होडीतून बुडाला, म्हणून बिचारी तशी वागते, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. रुचिताने तर आवडाबाईचं लग्नसुद्धा लावलं नव्हतं. उरलेल्या अर्ध्यांनी लेखिकेलाच जातीयवादी ठरवलं. त्यातल्या एकाने आवडाबाईच्या हातचा भात नाकारून गेममध्ये नऊ दिवस उपास धरला म्हणे, आणि दहाव्या दिवशी चक्कर येऊन होडीसकट बुडाला. त्याचंही खापर रुचिताच्याच डोक्यावर.

“कुणाशी वो भांडताव, ताई?” बाहेरून केसरने विचारलं.

केसर कोळीवाड्यातली. ताजी कोळंबी आणायची आणि दारासमोरच्या पायरीवर बसून सोलून द्यायची. जिभेने तिखट, हाताने चपळ. मध्येच हात पुसून मोबाईल बघायची. रुचिताने तिला वायफायचा पासवर्डसुद्धा देऊन ठेवला होता. एवढं कोण करतं!

“गेममधली एक बाई आहे गं. डोक्याचा पार भुगा केलाय तिने.”

“काय करते?”

“तुला नाही कळायचं. त्यात लिहिलेलं वाचावं लागतं.”

“व्हय तर,” केसर म्हणाली आणि तिने एका कोळंबीचं डोकं मोडलं.

आपण फटकन बोललो, याची रुचिताला चुटपुट लागली. ती मनाची मोकळी बाई. आत जाऊन तिने आलं ठेचून चहा केला. स्वतःचा फुलांच्या कपात ओतला, केसरचा मागच्या दारच्या खिळ्यावरून काढलेल्या स्टीलच्या पेल्यात.

“तुझा पेला वेगळाच ठेवलाय हो,” ती गोड हसून म्हणाली. “हात बुळबुळीत असतात ना तुझे, कप निसटेल.”

“किती काळजी माझी,” केसरही हसली.

रुचिता लॅपटॉपपाशी परतली, तर गेमच्या चर्चेच्या पानावर ‘पायरी’ हजर.

सगळ्या भांडकुदळांत हा प्राणी तिच्या सर्वांत जास्त डोक्यात जायचा. फोटो नाही, गाव नाही, फक्त आंब्याचं नाव. त्यावरूनच रुचिताने त्याला केव्हाच ओळखलं होतं. पुण्यात बसून पेटीतले आंबे चोखणारा आणि वर कोकणावर अक्कल पाजळणारा कुणीतरी. महिनाभर त्याचं एकच तुणतुणं चालू होतं: ‘तुमची आवडाबाई खोटी आहे. अशी बाई मी पाहिलेली नाही.’

आज मात्र रुचिताने कळफलक बडवला. ‘पाहिली नसेल तर नशीब समजा. आमच्याकडे आहेत अशा.’

‘आहेत,’ उत्तर आलं. ‘पण अशा बोलत नाहीत.’

‘म्हणजे?’

‘किंचाळणाऱ्या बाईला नायिका उलटून बोलू शकते. दोन शिव्या दिल्या की मोकळी. नायिकेला तोंडच उघडता येणार नाही असं काहीतरी लिहा.’

रुचिताच्या कानशिलातली शीर उडायला लागली. दोन वर्षं मान मोडून लिहावं तिने, आणि शिकवावं या आंबेखाऊने! घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती.

‘मग तुम्हीच लिहा की!’ तिने ठोकून दिलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

“ताई, वायफाय गेला काय वो?” केसरने हाक मारली.

“गेलंय! दोन मिनिटं दम धर. तुझे रील कुठे पळून जात नाहीत.”

“माझा अर्धा ऱ्हायला,” बाहेरून कुरकुर आली.

रुचिताने चरफडत वायफायचा डबा बंद केला, मनातल्या मनात पियूषला शिव्या घातल्या, डबा पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला. चाराला दहा कमी.

टिंग झालं. पायरी.

‘पाणी शिंपडू नका. विटाळ म्हणू नका. आवडाबाईला चहा करू द्या, आलं ठेचून. मग तिला गोड हसू द्या आणि एवढंच म्हणू द्या.’

खाली एकच ओळ होती.

‘तुझा पेला वेगळाच ठेवलाय हो. हात बुळबुळीत असतात ना तुझे, कप निसटेल.’

“ताई,” पायरीवरून आवाज आला, “पेला धुतलाय. नेहमीच्याच खिळ्याला अडकवू ना?”