पंचफुलाचं नाक

पंचफुलानं डबा उघडला. आतून ताज्या खव्याचा वास आला, आत्ताच कढईतून काढल्यासारखा. अन् हा डबा तिच्या डोळ्यांदेखत कथलानं झाळून हवाबंद केला होता, होळीच्या आधी. आता वैशाख लागला होता. अकोल्याच्या उन्हात सकाळचं दूध दुपार पाहत नाही, आणि हा खवा दोन महिने नुसता बसून होता.

दूधकेंद्रात पंचफुलाचं नाक म्हणजे सरकारी शिक्का. गवळ्याच्या कॅनचं झाकण उचलायचं, नाकाशी धरायचं, आणि 'घ्या' नाहीतर 'ओता' म्हणायचं, बस्. भल्याभल्या मिशीवाल्यांचं तिच्यापुढे काही चालत नसे. आज मात्र ती डबा पुन्हा पुन्हा नाकाशी धरत होती.

"मग? घ्यायचा की ओतायचा?" खुशालराव साहेबांनी हसत विचारलं. ते केंद्राचे केमिस्ट. माणूस भला, पण नवं काही हाती लागलं की पार हुरळून जाणारा. "अगं, यात ती विलायती पूड घातली आहे. दूध आंबवणारे जंतूच ती बनवतात, दुसऱ्या जंतूंना मारायला. विष नाही काही. आपण ताक पितोच ना?"

"ताक आंबलं का समजते, साहेब. हे तं काही सांगूनच नाही राहिलं."

"वास नाही ना? मग झालं. रविवारी बोर्डिंगात वाटू. चाळीस पोरं आहेत, खूश होतील."

त्या चाळिसांत तिचा मुलगा धर्मपाल होता. ताटात पडेल ते बोटांनी पुसून खाणारा. तिनं पुन्हा वाकून वास घेतला, मग डबा उन्हात नेऊन परत हुंगला. काही म्हणजे काही नाही. नासलं की घाण येते, एवढ्या एका भरवशावर तिनं आजवर गावाला दूध पाजलं होतं. आता 'ओता' म्हणावं, तर साहेब 'का?' विचारणार, आणि दाखवायला आंबूस वाससुद्धा नव्हता.

"त्या पुडीनं समदे जंतू मरतेत का, साहेब?"

खोटं बोलणं खुशालरावांना कधी जमलंच नाही. "समदे नाही," ते म्हणाले. "पण बरेचसे."

घाण आणणारे मेले आणि घातक ते उरले, तर नाकाला कळणार कसं? पंचफुलानं पदराला बोटं पुसली. डब्यातून लिंबाएवढा गोळा काढला आणि तोंडात टाकला. चव अगदी छान होती. तिनं डोळे मिटून तो गिळला.

"अगं, मी खा म्हटलं का तुला?"

"भेव वाटून राहिलं, साहेब." तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "आज शुक्रवार हाय. रविवारी सकाळी मी कामावर आली, तं वाटा पोरायले."