काय काम होतं?

आईच्या दोन खोल्यांच्या घरात मुलाने दाराला एक व्हिडिओ बेल, आत दोन कॅमेरे आणि खिडक्यांना चार सेन्सर बसवले आणि तो परगावी नोकरीवर परतला. दुखऱ्या गुडघ्यांमुळे आईला दारापर्यंत पोचायला वेळ लागायचा. तेवढ्यात तो ऑफिसातून मोबाइलवरच बेलला उत्तर द्यायचा.

"कोण? काय काम होतं?"

"काम कसलं रे? मी शेजारची मावशी. जरा बसायला आले होते."

"आई झोपली असेल. नंतर या."

मावशी नंतर आल्या नाहीत. रोज गप्पा मारायला येणारे वरच्या मजल्यावरचे मास्तरही एकदा जिन्यातूनच आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या लेकाला आधी कारण सांगायचं आणि मग आत यायचं? मी काय चोर आहे?"

त्या रविवारी आई फोनवर म्हणाली, "अरे, हल्ली माझ्याकडे कुणी फिरकतच नाही."

"बघ! बेल-कॅमेरे बसवताना तू उगाच नको नको म्हणत होतीस."


महिनाअखेरीस त्याच्या मोबाइलवर अहवाल आला : दारावर आलेल्या व्यक्ती शून्य, घराची सुरक्षितता शंभर टक्के.