तेरा वर्षांची प्रेक्षक

चित्रपट संपला तेव्हा पडद्यावरचं शहर जळून गेलं होतं. निवेदिताने परीक्षण-कक्षातले दिवे लावले आणि टेबलावरच्या लहानशा यंत्राला विचारलं, “ऋजू, भीती वाटली?”

यंत्रात तिच्या मुलीचं मन होतं, तेराव्या वर्षी नोंदवून घेतलेलं. चित्रपट प्रमाणित करणाऱ्या मंडळाला त्या वयाच्या प्रेक्षकाचा नमुना हवा होता, तेव्हा निवेदितानेच तिचं नाव सुचवलं होतं. दर चित्रपटानंतर त्याची आठवण पुसून टाकत, म्हणजे ते दृश्यांना सरावत नसे. खरी ऋजुता आता चौतीस वर्षांची होती आणि दिवाळीशिवाय फोन करत नसे.

“मारामारीची नाही,” ऋजू म्हणाली. “ते रोबो किती बावळट आहेत. सगळे एकाच जिन्याने येतात.”

“मग?”

“ती आई मुलीला घरात ठेवून कामाला जाते ना, तेव्हा वाटली. मुलगी दाराशीच बसून राहते. मीपण तशीच बसते.”

निवेदिताने अहवालाचा कागद पुढे ओढला. “हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू दमून येतेस ना.”

निवेदिताने अहवाल भरला: तेरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य, पालकांनी सोबत बसून पाहावा. मग तिने पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

“आई, आज लवकर येशील?”

“येईन,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

त्या दिवशी ती चार वाजताच घरी पोचली. दाराचं कुलूप तिनेच उघडलं.