उधाणाची रेघ

“ही निळी रेघ कसली गो?” दर्शनाला बघायला आलेल्या मुलाच्या काकांनी पोह्यांची बशी हातात धरूनच भिंतीकडे पाहिलं.

“रंगाऱ्याची खूण,” आई घाईने म्हणाली. पण दर्शनाच्या धाकट्या बहिणीला, प्रणालीला, राहवलं नाही. हायस्कुलात हवामानबदल या विषयाला यंदाच मान्यता मिळाली होती आणि प्रत्येकाने आपापल्या घरावर रेघ मारायची, असा त्याचा गुणांचा प्रकल्प होता.

“तीस वर्षांनी मोठ्या उधाणाचं पाणी इथवर येईल. सरांनी तपासलंय.”

काकांनी खुर्चीवर पाय जरा वर घेतले. सगळे हसले. निघताना मात्र ते एवढंच म्हणाले, “कळवतो.”

पाहुण्यांची गाडी वळली आणि आई कडाडली, “सरकारने विषयाला मान्यता दिली, आणि किंमत माझ्या थोरलीने मोजायची होय?”

प्रणाली रडत ओल्या फडक्याने रेघ घासू लागली. दर्शना नवी साडी न बदलताच तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला तो मुलगा आवडला होता, हे प्रणालीने ओळखलं होतं.

“खरंच येईल पाणी?”

“हो, ताई.”

“मग पुसू नको.” दर्शनाने फडका काढून घेतला. तिने घरभर नजर फिरवली. “म्हणजे सासर तर गेलंच. माहेरही जाणार.”

पट्टी धरून रेघ सरळ मारताना प्रणालीला हे सुचलंच नव्हतं.